मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र : चित्रांचीही प्राथमिक फेरी होऊ द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो. गेल्या फेब्रुवारीत माझ्या हाताखालून गेलेल्या पाच जणांचं समूह प्रदर्शन आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी भरवलं. पाचही जण कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले. कुणी मुंबईत शिकलेलं, कुणी नागपुरात, पण घरं इथलीच.

हॉल सार्वजनिक होता आणि नावात ‘कलादालन’ होतं. भिंतीला खिळा मारला की पोपडा हातात येई. चित्रं टांगायला वर पट्टी नाही, म्हणून खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी बांधली. ट्यूबलाइट काचेत अशी चमकायची की चित्राऐवजी ट्यूबच दिसे. शेवटी लग्नाच्या मांडववाल्याकडून हॅलोजन भाड्याने आणले. त्यांच्या उष्णतेने मेणात काम करणाऱ्या पोराच्या चित्राला संध्याकाळपर्यंत अक्षरशः घाम फुटला. सहाच्या ठोक्याला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. त्याचा दोष नाही, त्याची ड्युटी सहापर्यंतच. पण गावातली माणसं मोकळी होतात ती सहानंतर.

तरी माणसं आली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक एसटी कंडक्टर आत आले, बहुधा सावलीसाठी. आमच्या एका मुलीने लाकडी ठोकळ्यावर कोरून डेपोचे छाप काढले होते. ते एका छापासमोर थांबले आणि म्हणाले, “ताई, पाटी उलटी लागलीये.” खरंच, गाडीवरचं गावाचं नाव आरशात दिसावं तसं उलटं होतं. मुलगी लाजली नाही. तिने पिशवीतून ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. अक्षर सुलट कोरलं की छापात उलटं उमटतं; चूक पहिल्या छापात लक्षात आली, पण पहाटे पेंगत वाचलेली पाटी अशीच दिसते म्हणून तिने ती तशीच ठेवली. कंडक्टरांनी ठोकळ्यावरून बोट फिरवलं, परत छापाकडे पाहिलं. पुढची वीस मिनिटं ते तिथेच होते. जाताना विचारलं, “केवढ्याला?” आकडा ऐकून हसले आणि नमस्कार करून गेले.

हिशेब सांगतो. हॉलचं भाडं, अनामत, टेम्पो, फ्रेमा, हॅलोजन आणि चार पानी माहितीपत्रक मिळून पाच जणांना प्रत्येकी नऊ हजार पडले. विक्री एका चित्राची झाली, तीही एकाच्या मामाने केली. फ्रेमवाल्याची उधारी जूनपर्यंत चालली.

आता आपल्या खात्याबद्दल. पन्नासच्या दशकापासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. गावातली हौशी संस्था, दिवसा बँकेत किंवा शेतात काम करणारी माणसं, प्राथमिक फेरीसाठी जवळच्या केंद्रावर जाऊन नाटक करतात. रंगमंच तयार मिळतो, प्रकाशयोजनेची सोय असते, खर्चाला शासनाचा हातभार लागतो, परीक्षक बसतात. “आमचं नाटक केंद्रावर दुसरं आलं” हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. मराठी रंगभूमीवरची किती नावं या प्राथमिक फेरीतून वर आली ते आपणास मी सांगायला नको.

चित्रकाराला अशी प्राथमिक फेरीच नाही. राज्य कला प्रदर्शन आहे, हे मान्य. पण तिथे एकेकाचं एखादं-दुसरं चित्र लागतं. एका चित्रावरून चित्र कळतं, चित्रकार कळत नाही. माणूस काय शोधतोय हे दिसायला त्याची पाच-सहा कामं शेजारी शेजारी लागावी लागतात. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीचा पावसाळी ‘मान्सून शो’ कला महाविद्यालयांतून निघालेल्या मुलांना लोकांसमोर आणतो. उत्तम आहे. पण एरवी त्याच गॅलरीत स्वतःचं प्रदर्शन लावायचं तर वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं, आणि ती इमारतही १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली, शासनाच्या नव्हे.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा, म्हणजे मुंबईत एकत्र येऊन पुढे नावारूपाला आलेल्या तरुण कलावंतांच्या गटाचा, दाखला सगळेच देतात, मीही देतो. १९४९ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी एकत्र चित्रं-शिल्पं मांडली. आरा घरगड्याचं काम केलेले, हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवलेले, गाडे आपल्या विदर्भातले. त्यांच्यामागे लँगहॅमर, श्लेसिंगर आणि फॉन लायडन अशी युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेली माणसं उभी राहिली. कुणी शिकवलं, कुणी विकत घेतलं, कुणी वर्तमानपत्रात लिहिलं. आमच्या जिल्ह्यात चित्रं विकत घेणारा श्लेसिंगर येणार नाही. मामा येतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला शासन आम्हाला अगदी हाताला धरून नेतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. मी स्वतः पोरांना पर्यवेक्षकाच्या घड्याळाकडे न बघता वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा थर, द्यायला शिकवतो. मग पदविका, पदवी. आणि त्या कागदाच्या दुसऱ्या दिवशी शासन हात सोडतं. वर कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे आणि सांस्कृतिक कार्य आपल्याकडे, त्यामुळे नव्या चित्रकाराचा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा हे टेबलांनाही ठाऊक नाही.

नवी इमारत बांधू नका. कोनशिला बसते आणि पुढे पोपडे सुटतात. जे हॉल आहेत त्यांत टांगायची पट्टी आणि नीट दिवे बसवा. वर्षातले पंधरा दिवस पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी बिनभाड्याने राखा, नाट्य स्पर्धेसारखे, केंद्राकेंद्रावर. टेम्पोचं भाडं आधी द्या. पारितोषिक नंतर मिळतं, टेम्पोवाला सकाळीच पैसे मागतो. रात्री आठपर्यंत कुलूप उघडं ठेवणाऱ्या शिपायाला जादा भत्ता द्या. आणि प्रत्येक प्रदर्शनातलं निदान एक काम शासनाने विकत घ्यावं. लावायला भिंती भरपूर आहेत. आमच्या तहसील कार्यालयात गेली कित्येक वर्षं एकाच बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर आहे, तारखा संपल्या तरी.

यंदाही आम्ही मांडतोय, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच हॉलमध्ये. उद्घाटनाला यावं असा आग्रह नाही. आपण आलात की गर्दी आपल्याभोवती होते आणि चित्रं पाठीमागे राहतात. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास या. त्या वेळी बहुधा वीज गेलेली असते. टॉर्च आमच्याकडे आहे.

आपला नम्र,
एक चित्रकला शिक्षक