दुसऱ्या बाजूचं दूध

प्रिय वहिनी,

घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, असं फोनवर तू मला दोनदा सुनावलंस. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता चिडायचं तर सगळ्यांसमोर चीड.

गेल्या वर्षीचा जून आठव. कराडच्या घरात मी एकोणीस दिवसांची बाळंतीण. लेक दुपारभर गुणी, पण दिवेलागणीला जी सूर लावायची ती नऊ वाजेपर्यंत. बघायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जायचं, "दूध पुरत नसेल गं." आईनं अळिवाची खीर वाढवली, डिंकाचे लाडू वाढवले, शतावरीचा डबा आणला. मी ते सगळं मुकाट गिळत होते आणि स्वतःवर चिडत होते. पावडरचा डबाही आणून फडताळात ठेवला होता, ‘असू दे हाताशी’ म्हणून.

आणि गंमत बघ. उजवीकडे पाजायला घेतलं की डावीकडून धार लागायची. जुन्या सुती साडीचे तुकडे चार-चार घड्या करून लावायचे, तरी ब्लाऊज भिजायचाच. मागच्या पडवीत दोरीभर तुकडे वाळत असायचे. दूध पुरत नाही हे एकीकडे आणि ती दोरी दुसरीकडे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे घरात कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

तू शनिवारी कोल्हापूरहून आलीस. बाळाला बघण्याआधी पाय धुवायला पडवीत गेलीस आणि तिथूनच विचारलंस, "हे एवढं कशानं भिजलं?"

"दुधानं."

"आणि दूध पुरत नाही म्हणतेस?"

मग तू पर्समधून ते काढलंस, अंगावरचं दूध जमवायचा पंप. सिलिकॉनचा, एकसंध, वर पसरट तोंड आणि खाली फुगीर पोट. मोटर नाही, नळी नाही, वायर नाही. नवऱ्यानं लांबूनच विचारलं, रिक्षाचा भोंगा कशाला आणलाय? अशा पंपांत न्यूझीलंडच्या ‘हाका’ कंपनीचं नाव मोठं आहे, असं तू सांगितलंस, तर आई म्हणाली, "नावच हाका, मग दूध येईलच." आपला त्यातला नव्हता, साधाच होता.

भांड्यात उकळून गार केलास. लेकीला उजवीकडे धरायला लावलंस आणि म्हणालीस, आधी तिला नीट लागू दे, घाई नको. ती घटाघट गिळायला लागली तेव्हा पंपाची कड कोमट पाण्यानं ओली केलीस, तोंड बाहेरच्या बाजूला दुमडलंस, पोट दाबलंस, डावीकडे बरोबर मधोमध टेकवून सोडून दिलंस. तो धरून बसला. ओढलं गेल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. मिनिटभर काहीच नाही. मग थेंब, मग बारीक धार. बाळ एका बाजूला ओढतं, पण पान्हा दोन्हीकडे फुटतो, हे तू तेव्हा सांगितलंस. पान्हा फोडणारं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, रक्तातून जातं, त्याला डावं-उजवं कळत नाही. रोज जे साडीच्या तुकड्यांत जात होतं, ते पहिल्यांदा भांड्यात पडत होतं. पाजून झालं तेव्हा चाळीस मिलीच्या रेघेपाशी होतं.

तू ते स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलंस. बोलली काहीच नाहीस. आईनं बघितलं, आत्यानं बघितलं. त्यानंतर पावडरच्या डब्याचं नाव कुणी काढलं नाही.

पण माझ्या मनात ती चाळीसची रेघ बसली, आणि तुझे खरे आभार त्यापुढचेच आहेत. दुसऱ्या दिवशी मी दर पाजणीला पंप लावायला लागले. पंचवीस आलं की रडू, पन्नास आलं की हसू. तू पंप काढून घेतलास. "यात गळालेलं दूध आहे, एवढंच. कितीतरी जणींचं चमचाभरही गळत नाही, तरी त्यांची पोरं बाळसं धरतात. मोजायचंच असेल तर दिवसाची ओली लंगोटं मोज, सहाच्या वर आहेत ना? वजन वाढतंय ना? आणि दर वेळी लावलास तर शरीराला वाटेल जुळं झालंय. मग दाटून येईल, गाठी होतील, ताप येईल." सकाळच्या पहिल्या पाजणीला, दिवसातून एकदाच, हा नियम तू घालून दिलास. संध्याकाळच्या रडण्याबद्दल म्हणालीस, या वयाची पुष्कळ पोरं रडतात, पुन्हा पुन्हा घे अंगावर, जाईल.

त्या रात्री दिवे गेले होते आणि आपण दोघी अंधारात बसलो होतो. तेव्हा तू तुझं सांगितलंस. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली २०१७ मध्ये. तुझा मुलगा त्याच्या आदल्या वर्षीचा. बारा आठवड्यांनी तू काउंटरवर परत. दुपारी छाती दगडासारखी व्हायची, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये पिळायचीस, नळ सोडून, आवाज नको म्हणून. "रोज वाटीभर तरी गेलं असेल गटारात," एवढंच म्हणालीस आणि लेकीचं दुपटं सारखं करत राहिलीस. मला काय बोलावं सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

आईचं बोंडलं आठवतं? जमवलेलं दूध बाटलीनं द्यायचं नाही म्हटल्यावर तिनं ट्रंकेतून माझ्याच बारशाचं चांदीचं बोंडलं काढलं, चिंचेनं घासलं. फ्रिजमधल्या दुधावर सायीचा थर दिसल्यावर ते नासलं म्हणून ती ओतणारच होती. तू हात धरलास. गरम पाण्याच्या वाटीत डबी ठेवायची, अलगद फिरवायची, उकळायचं नाही. चार दिवसांच्या आत संपवायचं, डबीवर तारखेची पट्टी. आई ती पट्टी आता लोणच्याच्या बरणीलाही लावते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा लेकीनं लाथ मारली आणि साठ मिली सतरंजीवर. कॉलेजला रुजू झाल्यावर तर हा पंप एकटा फारसा कामाचा नाही, हेही कळलं. समोर बाळ नसलं की पान्हा लवकर फुटत नाही, आणि पंप नुसता चिकटून बसतो, बाळासारखा ओढत-सोडत नाही. मग तू फोनवर शिकवलंस: आधी शेक, मग हातानं पिळ, मोबाईलवर तिचा रडतानाचा व्हिडिओ लाव. हसू नकोस, तोच व्हिडिओ सगळ्यात उपयोगी पडला. प्रयोगशाळेमागच्या खोलीला आतून कडी मात्र मी स्वतः भांडून बसवून घेतली. नळ सोडायची वेळ माझ्यावर आली नाही.

लेक आता चौदा महिन्यांची आहे. पंप तिनं ताब्यात घेतलाय. स्वयंपाकघराच्या फरशीवर दाबते, तो चिकटतो, मग दोन्ही हातांनी ओढून काढते आणि ‘फट्’ आवाज झाला की खिदळते. रविवारी आम्ही दोघी येतोय. येताना पंपही आणते, म्हणजे तुला ऐकू येईल.

तुझी,
तू चेष्टेनं म्हणतेस ती वन्सं