वृत्ताबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय विनू,

तुझं पत्र आणि कविता, दोन्ही पोचलं. गण, मात्रा, यती, अलंकार हे सगळं पाठ केल्याशिवाय लिहायला बसूच नये का, असं विचारलं आहेस. पाठ कशाला करतोस? आधी कान तयार कर, नावं मागाहून कळत जातात.

एक ओळ मोठ्याने म्हणून बघ: 'तुझे पत्र आले मला काल रात्री'. ठेका लागला ना? आता ती फोडू. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप) एक. दीर्घ ते गुरू, त्याच्या दोन. लघूला 'ल' म्हण, गुरूला 'गा'. तुझेप, त्रआले, मलाका, लरात्री. चारही तुकडे लगागा! 'पत्र'मधला प दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू. 'तुझ्या' म्हणताना मात्र तु वर आघात येत नाही, तो लघूच राहतो. म्हणजे नुसतं जोडाक्षर बघून भागत नाही, म्हणून बघावं लागतं.

तीन अक्षरांचा एक गण. लगागा हा य गण, आणि असे चार य आले की भुजंगप्रयात, 12 अक्षरांचं वृत्त, म्हणजे ओळीचा ठरलेला साचा. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणजे ते तुझ्या कानात लहानपणापासून आहेच. आठही गण लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पुरतं: हव्या त्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजायची. य पासून यमाता, म्हणजे लगागा.

आता तीच ओळ बोलण्यातल्यासारखी म्हण: 'काल रात्री मला तुझे पत्र आले'. शब्द तेच, अक्षरं 12 च, मात्राही 20 च. पण लघु-गुरूंचा क्रम हलला आणि वृत्त मोडलं. असं गणांवर बांधलेलं अक्षरगणवृत्त एवढं कडक असतं. मात्रावृत्त, म्हणजे जाती, जरा सैल. तिथे मात्रांचा हिशेब जमला की झालं, एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात. तुझी कविता याच जातकुळीतली आहे, ओळीला 16 मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे. तू लिहिलंस 'थेंब अजूनही पानावरती'. मोज, 17 भरतात. 'अजूनही'ने एक मात्रा जास्त घेतली. 'थेंब अजूनी' केलंस की आठ, 'पानावरती' आठ. वाचताना तिथेच अडखळत होतो.

यती म्हणजे ओळीतला विसावा. मंदाक्रांतेची 17 अक्षरं 4, 6, 7 अशी थांबत जातात. थांबायच्या जागी शब्द मधोमध चिरला गेला की यतिभंग. तुझ्या छोट्या ओळींना ही काळजी नाही.

ओवी-अभंगांना लघु-गुरूचा जाच नाही. मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अशी अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. मला विचारशील तर सुरुवातीला हात बसवायला अभंगासारखा साचा नाही.

अलंकारांची यादी शाळेत पाठ केली ती विसरलास तरी बिघडत नाही. फक्त दोन गोष्टी किती जवळ आणायच्या ते ठरवता आलं पाहिजे. 'तळं आरशासारखं' ही उपमा. 'तळं म्हणजे जणू आरसाच' ही उत्प्रेक्षा. 'तळ्याचा आरसा' हे रूपक. 'हे तळं नव्हेच, आरसा आहे' ही अपन्हुती. अंतर कमी होत जातं बघ. तुझ्या कवितेत 'सारखा' पाच वेळा आलाय. निदान तीन ठिकाणी रूपक कर. आणि 'जणू' आता काही दिवस बंदच ठेव!

गझलेचं विचारलंस: दोन ओळींचा एक शेर, प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द रदीफ, त्याच्याआधीचं यमक काफिया, आणि दोन्ही ओळींत रदीफ-काफिया निभावणारा पहिला शेर मतला. प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे, त्यामुळे तुझ्या गोष्टीवेल्हाळ स्वभावाला ती जड जाईल. मुक्तछंदही सोपा समजू नकोस. तिथे मात्रा मोजायला नसतात, लय मात्र सांभाळावी लागते. ती सुटली की उरतं तुकडे पाडलेलं गद्य.

दुसरं कडवं मात्रा मोजून पुन्हा लिही आणि पाठव. शेवटच्या कडव्याला हात लावू नकोस, ते छान जमलंय.

तुझा,
बंडू