उपनगराचा इतिहास स्टेशनापासून सुरू होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्थानिक इतिहासावरचे लेख मी आवर्जून वाचतो. पण उपनगराचा विषय निघाला की बहुतेक लेख रेल्वे आली त्या वर्षापासूनच सुरू होतात. मग पहिली वसाहत, पहिली शाळा, पहिले नगराध्यक्ष. त्याआधी तिथे जणू नुसते माळरान होते! रेल्वे तिथूनच का गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर पुष्कळदा जमिनीच्या चढउतारातच असते.

दक्षिण लंडनमधली वँडल नदी पाहा. लांबी जेमतेम १४ किलोमीटर. पण ती खडूच्या टेकड्यांतल्या झऱ्यांवर पोसलेली, त्यामुळे पाणी बारमाही आणि उतारही चांगला. साहजिकच काठावर पाणचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांवर पीठ दळले जाई, तपकीरही कुटली जाई. जवळच कापडावर छपाई चाले. हा माल थेम्सपर्यंत न्यायचा, म्हणून १८०३ मध्ये याच खोऱ्यातून वँड्सवर्थ ते क्रॉयडन असा लोहमार्ग टाकला गेला. वाफेचे इंजिन नव्हे, घोडे वाघिणी ओढत! १८८१ मध्ये कापडावरच्या नक्षीसाठी प्रसिद्ध असलेले विल्यम मॉरिस यांनी आपला कारखाना वँडलकाठच्या मर्टन ॲबीला हलवला, त्यामागेही कापड रंगवायला आणि धुवायला योग्य असे हेच पाणी होते. घरांच्या रांगा त्या खोऱ्यात नंतर पसरल्या. तेव्हा मर्टनचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी झरे शोधावेत, बिल्डर मागाहून.

पाणी नसले तरी त्याचा इतिहास होतोच. सॅन फर्नांडो खोऱ्याचा बराचसा भाग १९१५ मध्ये लॉस एंजेलिस शहरात सामील झाला, कारण १९१३ मध्ये दूरवरून कालव्याने आणलेले पाणी शहराच्या हद्दीतच मिळणार होते. टोकियोत १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने पूर्वेकडच्या गाळाच्या सखल वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि लोक पश्चिमेच्या उंचवट्यावरील उपनगरांकडे सरकले.

अर्थात सगळेच जमिनीच्या माथी मारणेही चूक. दक्षिण लंडनमध्ये भुयारी रेल्वे कमी, याचे कारण म्हणून तिथल्या मातीकडे बोट दाखवले जाते. त्यात तथ्य आहे. पण १८९० मध्ये सुरू झालेली विजेवरची पहिली खोल भुयारी रेल्वे थेम्सखालून दक्षिणेलाच, स्टॉकवेलपर्यंत गेली होती. त्या भागात जमिनीवरच्या लोहमार्गांचे जाळे आधीच दाट होते, हे कारणही तितकेच वजनदार आहे. भूगोल वाट दाखवतो. तिकीट कोणाला परवडते, ते तो ठरवत नाही.

माझी सूचना साधी आहे. अशा प्रत्येक लेखाशेजारी त्या भागाचा जुना नकाशा छापावा. त्यावर ओढे, तळी, टेकड्या दिसाव्यात. आज बुजवलेले प्रवाह वेगळ्या रेषेने दाखवावेत. लेखकांनीही जुन्या रहिवाशांना उद्घाटनांच्या आठवणी विचारण्याआधी, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबायचे आणि उन्हाळ्यात कोणती विहीर आधी आटायची, एवढे विचारून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक