गंपर्झ सर, मिरजेहून तुमचे आभार

आदरणीय जॉन गंपर्झ सर,

२०१३ साली तुम्ही गेलात, तरी हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण माझं रोजचं काम, माणसं एकमेकांशी कशी बोलतात यावरच्या तुमच्या भाषा-संशोधनावर उभं आहे. मी मिरजेत केरळहून आलेल्या नर्सना बोलतं मराठी शिकवते.

पेशंटचे नातेवाईक कुरकुरायचे, "सिस्टर फार तोडून बोलतात." मुलींचे शब्द तर बरोबर असायचे. मग बिनसतं कुठे, हे मला तुमच्या १९८२ च्या पुस्तकामुळे उमगलं. ब्रिटनमधल्या विमानतळाच्या स्टाफ कँटीनमध्ये नव्यानं लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका उर्मट आहेत, अशी ओरड होती. तुम्ही त्यांचं बोलणं टेप केलंत. ग्रेव्ही हवी का, हे विचारताना इंग्रज बाई "ग्रेव्ही?" म्हणत आवाज चढवायची, या बायका तो शेवटाला उतरवायच्या. ऐकणाऱ्याला वाटे, ही विचारत नाही, नुसतं सुनावतेय. त्यांच्या लेखी मात्र तो साधा प्रश्नच होता. दोन्ही बाजूंना ते टेप ऐकवून बोलतं केलं गेलं, याचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. कुणा एकीला दोषी ठरवून मोकळं होणं किती सोपं होतं!

मीही आता तेच करते. "जरा थांबा" हे आमच्या वॉर्डातल्या मावशींच्या आणि नर्सच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, लागोपाठ ऐकायचं. मावशी "बा" लांबवतात, पुढे हळूच "हं" जोडतात. मुली पटकन उचलतात. आणि पोरी रागावलेल्या नसतात, हे मावशींनाही कळतं.

नाझी जर्मनीतून निसटलेला, अमेरिकेत रसायनशास्त्राची पदवी घेतलेला तरुण भाषेकडे वळला आणि आमच्या शेजारच्या कुपवाडपर्यंत पोचला. रॉबर्ट विल्सन यांच्यासोबतचा कुपवाडवरचा तुमचा १९७१ चा लेख मी विद्यार्थिनींना आवर्जून सांगते: एकाच गावात शेजारीशेजारी बोलल्या जाणाऱ्या मराठी, उर्दू, कानडीची वाक्यं कशी एकाच साच्यात आली. "पाला जरा कापून घेऊन आलो" आणि तिथल्या उर्दूतलं "पाला जरा काट के ले के आया": शब्दाला शब्द जुळतो! कानडीची घडणही तशीच. तरी घरातली भाषा ज्याची त्यानं सोडली नाही. आम्ही हे जन्मभर ऐकत आलो होतो, पण त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला तुम्ही शिकवलंत.

त्याबद्दल मनापासून आभार, सर.

तुमची ऋणी,
मिरजेची एक मराठी शिक्षिका