बाळाचं वजन आणि वहिनी

नाशिक, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

काल तू अर्धा तास बोललास, त्यातली पंचवीस मिनिटं काचेच्या पेटीतल्या तुमच्या बाळाच्या ग्रॅममध्ये गेली. "परवा १,१२०, काल १,१०५, आज १,११०." वहिनींबद्दल एवढंच म्हणालास, "बरी आहे, फक्त बोलत नाही." तो 'फक्त' मला रात्रभर टोचत राहिला. म्हणून लिहितोय, फोनवर तू पुन्हा वजनावरच जाशील.

आमची धाकटी ३२व्या आठवड्यात झाली आणि २३ दिवस काचेच्या पेटीत होती, हे तुला माहीत आहे. पण त्या दिवसांत हिचं काय झालं होतं, ते मलाही दोन महिन्यांनी कळलं. ही रिकाम्या हातांनी घरी आली. आईने डिंकाचे लाडू केले, शेकशेगडी ठेवली, बाळंतिणीचं सगळं केलं. कुशीत बाळ तेवढं नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सातव्याचं जगतं गं, आठव्याचं अवघड." ही नुसती हसली. मला वाटलं, खंबीर आहे! ती न्हाणीत नळ सोडून रडायची. "त्या दिवशी मी जिना चढायला नको होता," हे पुढे कधीतरी बोलली. दर तीन तासांनी पंपाने दूध काढायची. एकदा वाटी बघून एक सिस्टर सहज म्हणाली, "एवढंच?" तो शब्द ती अजून विसरलेली नाही.

तिच्यात जीव आला तो बाळाला पहिल्यांदा छातीशी घेतलं त्या दिवशी. कांगारू म्हणतात ना, तेच. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉक्टरांनी ते सुरू केलं, कारण पेट्या पुरत नव्हत्या. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात तर अतिदक्षता विभागातच बाळाशेजारी आईची खाट लावली. तिथे आणि आफ्रिकेतल्या चार देशांत अभ्यास झाला: १ ते १.८ किलोची बाळं जन्मल्याबरोबर छातीशी घेतली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. तुमचं पिल्लू त्याच वजनाचं आहे. डॉक्टरांना उद्याच विचार, कधी घेता येईल? तूही घेऊ शकतोस, शर्ट काढून बसायची लाज सोड. पण आधी वहिनींना घेऊ दे. तुमच्या विभागात सगळं सिस्टर आणि यंत्रं करतात, आई नुसती काचेबाहेर उभी. निदान हे एक काम तिचं असू दे.

आणि तिला सरळ विचार. "कशी आहेस?" नको, त्याला "बरी" हेच उत्तर येतं. झोप लागते का, बाळाजवळ जायची भीती वाटते का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? हा शेवटचा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली होती. पण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बाळंतिणीची उदासी ओळखायला डॉक्टर १९८७पासून एडिंबरोची १० प्रश्नांची यादी वापरतात, तिचाही शेवट याच प्रश्नाने होतो. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठ. नुसती उदासी असली तरी दोन आठवड्यांच्या पुढे थांबू नकोस. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं असतात. रात्री-अपरात्री मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

घरच्यांना सांग, वजन विचारायचं तर तुला विचारा, तिला नाही.

शनिवारी येतोय. विभागाबाहेरच्या बाकड्यावर रात्री मी बसेन. तू वहिनींना घरी ने, गरम वरणभात खाऊ घाल, आणि त्या बोलल्या तर मध्ये तोंड घालू नकोस.

तुझा,
नाना