कीरांची चरित्रे वाचनालयात हवीत

महोदय,
शाळा-महाविद्यालयांत महापुरुषांच्या जयंत्या थाटात होतात, पण त्यांची चरित्रे लिहिण्यात हयात घालवलेल्या धनंजय कीरांचे नाव तिथे क्वचितच ऐकू येते, याची खंत वाटते. १९१३ साली रत्नागिरीत जन्मलेला हा माणूस मुंबई महापालिकेत नोकरी करत लिहीत होता. पाठीशी ना विद्यापीठ, ना संशोधनासाठीची शिष्यवृत्ती.

१९५० मध्ये सावरकर, १९५४ मध्ये डॉ. आंबेडकर (बाबासाहेब तेव्हा हयात होते!), पुढे टिळक, फुले, गांधी, राजर्षी शाहू. ज्यांचे अनुयायी आज एकमेकांच्या सभेला फिरकत नाहीत, त्यांच्याविषयी एकाच लेखकाने तितक्याच आस्थेने लिहिले. त्यातही ही मूळ चरित्रे इंग्रजीत, त्यामुळे फुले-आंबेडकर महाराष्ट्राबाहेर पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आमच्या वाचनालयातली आंबेडकर चरित्राची प्रत हाताळून हाताळून खिळखिळी झाली आहे. पाने दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. म्हणजे वाचणारे आहेत. शासनाने कीरांच्या चरित्रांचा मराठी संच स्वस्त दरात काढून प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी