आपण वटवलेल्या चेकमुळे नाकारला गेलेला व्हिसा : तक्रार आणि रक्कम परतीची मागणी

कराड, जि. सातारा
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेशी शिक्षण सल्ला व व्हिसा सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : मुलीच्या स्टुडंट व्हिसाच्या अर्जात आपल्या कार्यालयाकडून झालेली चूक, त्यानंतर दिलेले चुकीचे सल्ले आणि अडकवून ठेवलेली मूळ कागदपत्रे याबाबत.

महोदय,

माझ्या मुलीचा ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा ३१ जुलैला नाकारला गेला. त्याला आता पावणेचार महिने होत आले. एवढ्या काळात मी आपल्या कार्यालयात चार वेळा येऊन गेलो, सहा ई-मेल पाठवले. दर वेळी उत्तर एकच, आणि तेही तोंडी : ‘सर, तुमचे फंड्स वीक होते.’ लेखी द्या म्हटले की मॅडम मीटिंगमध्ये असतात. म्हणून मीच लेखी देतो.

मी छत्तीस वर्षे साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. ताळा जुळल्याशिवाय टेबल सोडायचे नाही, ही तिथली शिस्त. तेव्हा आधी आकडे.

मुलगी बी. फार्म. झाली आहे. तिला उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या एक वर्षाच्या एमएससीला प्रवेश मिळाला. फी १७,५०० पौंड. त्यातले ४,००० आम्ही आगाऊ भरले, राहिले १३,५००. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने खर्चासाठी तेव्हा दरमहा १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे दाखवावे लागत, म्हणजे १०,२२४. दोन्ही मिळून २३,७२४ पौंड. ११७ रुपयांच्या दराने होतात २७ लाख ७५ हजार ७०८ रुपये. हे पैसे अर्जाआधी सलग २८ दिवस खात्यात असायला हवेत, आणि त्या २८ दिवसांत एक दिवसही शिल्लक या आकड्याखाली जाता कामा नये. नियम एवढाच आहे. आमच्या कारखान्यातल्या शिपायालाही तो एका वाचनात कळला असता.

आपल्या मॅडमनी आम्हाला जी चेकलिस्ट दिली, तिच्यावर होते : ‘बँक बॅलन्स २८ लाख, २८ दिवस.’ पौंडाचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून लाखभर रुपये जास्तीचे ठेवा, असे कोणी सांगितले नाही. आधी तर पतसंस्थेतल्या ठेवीचे पत्रही चालेल म्हणाल्या होत्या. बँकिंग नियामकाच्या देखरेखीखाली नसलेल्या संस्थेतला पैसा तिकडे धरत नाहीत, हे माझ्या मुलीने त्यांच्या सरकारच्या संकेतस्थळावर वाचले आणि आम्ही वाचलो. पतसंस्थेतली अकरा लाखांची ठेव मुदतीआधी मोडली, व्याज बुडाले, त्यात फंडाचे पैसे घातले आणि ९ जूनला माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्यात बरोबर २८ लाख जमा केले. मुलीचा जन्मदाखला आणि वडील म्हणून माझे संमतिपत्र, तेही दिले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते.

आपली ‘व्हिसा डॉक्युमेंटेशन फी’ ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. तिचा चेक मी त्याच खात्याचा दिला होता. देताना मी स्वतः मॅडमना विचारले होते की व्हिसाचे पैसे याच खात्यात आहेत, दुसऱ्या बँकेचा चेक देऊ का. मॅडम म्हणाल्या, ‘काका, एवढ्याने काही फरक पडत नाही.’ आपण तो चेक शुक्रवारी, २० जूनला वटवला. खात्यात राहिले २७ लाख ५२ हजार ८००. म्हणजे लागणाऱ्या रकमेपेक्षा बावीस हजार नऊशे आठ रुपये कमी.

बँकेचा मेसेज आला तसा मी फोन लावला. उत्तर मिळाले : ‘भरून टाका परत, शेवटी २८ दिसले की झाले.’ मध्ये शनिवार-रविवार गेला, सोमवारी मला पुतण्याच्या साखरपुड्याला जावे लागले. मंगळवारी, २४ जूनला मी ५०,००० भरले. चार दिवसांची ती खळगी बँक स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर आहे. खर्चाच्या रकान्यात आपल्याच संस्थेचे नाव, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात ‘तपासले’ म्हणून आपल्याच कार्यालयाची हिरव्या शाईतली बरोबरची खूण. १० जुलैला अर्ज गेला. ३१ जुलैला नकार आला. नकाराच्या पत्रात २० ते २३ जून या तारखा आणि त्या दिवसांची शिल्लक दिली आहे. त्या पत्राची आणि स्टेटमेंटच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. पानावर मी काही खुणा केलेल्या नाहीत, आपली एक खूण पुरेशी आहे.

एकदा कालनिर्णय समोर घेऊन मोजा. २४ जूनपासून २८ दिवस २१ जुलैला पुरे होतात. अर्ज १० जुलैऐवजी २२ जुलैला भरला असता, तर याच खात्यावर, याच पैशांवर तो आर्थिक अटीत बसला असता. बारा दिवस थांबायचे होते. वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणार होते, घाई कोणालाच नव्हती. मुलीने विचारलेही होते, की मध्ये शिल्लक खाली गेली ती चालेल ना. तिला आपल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर म्हणून अंगठा आला. तो अंगठा मी जपून ठेवला आहे.

इथपर्यंतची चूक माणसाकडून होऊ शकते, हे मी मान्य करतो. हिशेब खात्यात मीही चुका केल्या आहेत, आणि लाल शाईने त्या दुरुस्त करून खाली सही केली आहे. आपण पुढे जे केले, ते चुकीत बसत नाही.

नकार आला त्या दिवशी माझ्या खात्यात सलग ३८ दिवस पुरेशी रक्कम पडून होती. विद्यापीठाकडून नवा कॅस (व्हिसाच्या अर्जाला लागणारे प्रवेशाचे पत्र) मागवायचा, नवे स्टेटमेंट जोडायचे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा अर्ज करायचा, हा सरळ रस्ता होता. त्याऐवजी आपण सांगितले की ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे नकाराच्या निर्णयाची फेरतपासणी, करू. त्याचे सरकारी शुल्क ८० पौंड, आणि आपले वर जीएसटी धरून १७,७०० रुपये. तो रिव्ह्यू अधिकाऱ्याकडून चूक झाली असेल तर करायचा असतो. इथे अधिकाऱ्याने काय चुकीचे केले? त्याने बेरीज बरोबर केली होती. ‘आता नवीन अर्ज करू नका, नाहीतर रिव्ह्यू रद्द होईल,’ असे वर बजावलेत. हे वाक्य खरे आहे, म्हणूनच आम्ही फसलो. जो रिव्ह्यू मुळात निरर्थक होता, तो रद्द होऊ नये म्हणून मुलीने सप्टेंबर घालवला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले : निर्णय कायम.

नकार आला त्या संध्याकाळी मुलगी जेवली नाही. तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त लागले, कारण निरोपाचे हळदीकुंकू होऊन गेले होते, बॅगा आणल्या होत्या, गोडा मसाला करून हवाबंद पिशव्यांत भरून ठेवला होता. आमच्या आळीत ‘व्हिसा रिजेक्ट’ याचा अर्थ कागद खोटे होते असा घेतात. दोन जणांनी मला बाजूला घेऊन विचारले, पैसे कुठले होते हो? छत्तीस वर्षांत एका पैशाची अफरातफर माझ्या नावावर नाही.

आणि मग आपल्या कार्यालयाने मला तोच उद्योग सुचवला! १३ ऑक्टोबरला आपल्या समोरच्या टेबलवरचे गृहस्थ म्हणाले, ‘काका, या वेळी फंड आम्ही अरेंज करतो. महिनाभर पैसे तुमच्या खात्यात राहतील, दीड टक्का द्यायचा. नाहीतर मुलीच्या काकांचे स्टेटमेंट लावू.’ काकांचे खाते नियमात बसत नाही. विद्यार्थी स्वतः, आईवडील किंवा कायदेशीर पालक, हिच्या बाबतीत एवढेच चालतात. आणि भाड्याने आणलेला पैसा स्वतःचा म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे. ती उघडकीला आली तर दहा वर्षे त्या देशाचा दरवाजा बंद होतो. दहा वर्षे कोणाला? दीड टक्का घेणाऱ्याला नव्हे. माझ्या स्वतःच्या खात्यात २८ लाख पडून असताना मला भाड्याचे पैसे सुचवणाऱ्याने माझी फाइल उघडूनही पाहिली नव्हती, हे त्या दिवशी कळले. फाइल पुन्हा उघडायचे वर २५,००० मागितलेत. मुलीला व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणीही नव्याने करून घ्या म्हणालात. जूनमधले प्रमाणपत्र सहा महिने चालते, त्याच्यावर तारीख छापलेली आहे.

यानंतर मुलीने स्वतःचे अर्ज स्वतःच भरायचे ठरवले. विद्यापीठाला तिने नकाराचे पत्र जसेच्या तसे पाठवले आणि काय घडले ते चार ओळींत लिहिले. त्यांनी प्रवेश जानेवारीला ढकलला आणि नवा कॅस दिला. जुना कॅस एकदा अर्जाला वापरला की संपला, ही गोष्टही तिला त्यांच्याकडूनच कळली. आपल्याकडे तोच पुन्हा चालेल असे सांगत होते. तोवर ११ नोव्हेंबरपासून दरमहाची रक्कम १,१३६ वरून १,१७१ पौंड होणार, हे जाहीर झाले होते. नऊ महिन्यांचे ३१५ पौंड वाढले, माझे २८ लाख पुरेनासे झाले. दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबरला, बायकोच्या भिशीचे एक लाख मी खात्यात टाकले आणि पासबुक कपाटात ठेवून कुलूप घातले. गॅसचे बिलसुद्धा दुसऱ्या खात्यातून भरले. महिनाभर त्या खात्यातून एक रुपया हलला नाही. १८ नोव्हेंबरला तिने अर्ज केला. आधीच्या नकाराची माहिती लपवली नाही, सोबत एक पान जोडले : कोणत्या तारखेला किती शिल्लक, पैसे कुठून आले, मागच्या वेळी काय चुकले. त्या पानात आपले नाव तिने लिहिले नाही. मी लिही म्हणत होतो.

एक गोष्ट आपल्याला सांगण्यासारखी आहे. नकारानंतर ब्रिटन सरकारने आरोग्य अधिभाराचे (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरलेले) १,१६४ पौंड आपण होऊन परत पाठवले. आम्ही मागितलेही नव्हते. व्हिसाची ५२४ पौंड फी परत मिळत नाही, ती गेली. आपल्याकडून मात्र मागूनही काही आले नाही.

विद्यापीठ निवडण्यात आणि प्रवेशाच्या निबंधात आपल्याकडच्या दुसऱ्या मॅडमनी मन लावून मदत केली, हे नमूद करतो. त्याचे कमिशन आपल्याला विद्यापीठाकडून मिळते, आमच्याकडून त्याचे पैसे घेतलेले नाहीत, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. ४७,२०० ची पावती ‘व्हिसा डॉक्युमेंटेशन’ची आहे, आणि नेमके तेच काम झालेले नाही.

माझी मागणी अशी : डॉक्युमेंटेशन फी ४७,२००, रिव्ह्यूची आपली फी १७,७००, आणि ११७ रुपयांच्या दराने व्हिसा फीचे ६१,३०८ व रिव्ह्यूच्या सरकारी शुल्काचे ९,३६०, एकूण १,३५,५६८ रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. विमानाचे रद्द झालेले तिकीट, मोडलेल्या ठेवीचे व्याज आणि मुलीचे गेलेले चार महिने मी यात धरलेले नाहीत. चूक आपल्या कार्यालयाकडून झाली, असे एक पत्र आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी हवे. ‘फंड्स वीक’ हे शब्द त्यात नकोत.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करणार आहे. त्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, म्हणजे आपल्याला तारखेला साताऱ्याला यावे लागेल. मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, चौकशी करून ठेवली आहे.

आणि सगळ्यात आधी, पैशांच्याही आधी : मुलीच्या मूळ गुणपत्रिका आणि मूळ जन्मदाखला आपल्या कार्यालयात जूनपासून आहेत. ‘हिशेब पूर्ण झाल्यावर देऊ’ असे आपले म्हणणे आहे. दुसऱ्यांची मूळ कागदपत्रे तारण म्हणून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. नव्या अर्जासाठी तिला नगरपालिकेतून दाखल्याची दुसरी प्रत काढावी लागली. येत्या सोमवारी, १ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता मी आपल्या कार्यालयात येत आहे. कागदपत्रे मोजून घेईन आणि पोच देईन. पोचपावतीचा मसुदा लिहून तयार आहे, आपण फक्त फाइल काढून ठेवावी.

आपला,
विद्यार्थिनीचे वडील व खातेदार